वाचकांचे प्रश्न : कार्टर बाप्टिस्ट, मग निरोप बिशपच्या कॅथेड्रलमध्ये का?

प्रश्न : आम्ही विक्रोळीचे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई इथल्या गोदरेज कॉलनीत नर्स म्हणून काम करायच्या, हे घरात लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून ९ जानेवारी २०२५ ला कार्टर यांचा अंत्यविधी टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. केवढं ते कॅथेड्रल, झगे घातलेले धर्मगुरू, क्वायर, छापील प्रार्थना! आणि त्याच दिवशी गावच्या साध्याशा चर्चमध्ये पुन्हा उपासना. कार्टर तर बाप्टिस्ट होते म्हणतात. प्रोटेस्टंट सगळे एकच ना? मग ही दोन ठिकाणची दोन तऱ्हा कशी? आणि पुढाऱ्यांचा हा धर्म मनापासूनचा असतो की मतांसाठी?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुमच्या घरात ऐकलेलं अगदी खरं आहे. लिलियन कार्टर १९६६ मध्ये पीस कोअर या अमेरिकी सरकारी योजनेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत आल्या, तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. ज्या वयात आपल्याकडे लोक काशीयात्रेच्या गोष्टी करतात त्या वयात ही बाई दवाखान्यात रुग्णांच्या जखमा बांधत होती. पुढे २००६ मध्ये कार्टर पती-पत्नी लोणावळ्याजवळ हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची गरिबांसाठीची घरं बांधायला आले, तेव्हा ते स्वतः ८२ वर्षांचे होते. या घराण्याला हातानं काम करायची सवय होती, एवढं आधी लक्षात ठेवू. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता तुमचा प्रश्न. प्रोटेस्टंट हे एका चर्चचं नाव नाही. सोळाव्या शतकात रोमच्या कॅथलिक चर्चपासून निघालेल्या आणि मग एकमेकांपासूनही निघत गेलेल्या मंडळ्यांना मिळून लोक ते नाव देतात. कॅथेड्रलमध्ये तुम्ही पाहिलंत ते एपिस्कोपल चर्च, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची अमेरिकेतली शाखा. तिथे बिशप असतो, बिशपच्या हाताखाली धर्मप्रांत असतो, प्रार्थनेचं पुस्तक ठरलेलं असतं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि ते मूल जाणतं झालं की बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतो. बाप्टिस्टांकडे यातलं जवळजवळ काहीच नाही. त्यांचं म्हणणं असं की ज्याला स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करता येतो त्यालाच बाप्तिस्मा द्यायचा, आणि तोही कपाळावर पाणी शिंपडून नाही तर पुरता पाण्यात बुडवून. बिशप नाही. पाळक कोण असावा, कोणाला सभासद करून घ्यावं, छपराची दुरुस्ती कधी करावी, सगळं त्या त्या ठिकाणची मंडळी हात वर करून मतानं ठरवते. तिच्यावर हुकूम चालवणारं वर कोणी नाही. प्रार्थना पाळकाच्या मनातून येईल तशी.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी मागच्या बाकावर बसावं. एपिस्कोपल रीतीत लोक उठून पुढे जातात, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात, भाकर तळहातावर घेतात आणि एकाच प्याल्याला ओठ लावतात. त्या प्याल्यात द्राक्षारस, म्हणजे वाइनच असते. बाप्टिस्ट चर्चमध्ये माणसं जागची हलत नाहीत. डीकन, म्हणजे मंडळीनं नेमलेले सेवक, बाकांच्या रांगांतून ट्रे फिरवतात. ट्रेमध्ये अंगठ्याएवढे ग्लास आणि त्यांत न आंबवलेला द्राक्षांचा रस. (हा रस बाटलीत टिकवण्याची युक्ती १८६९ मध्ये न्यू जर्सीच्या वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं काढली, तीही प्रभुभोजनात दारू नको म्हणून.) मी नगरच्या मंडळीत वाढले, आमच्याकडेही असे छोटे ग्लासच. पहिल्यांदा कठड्याशी गुडघे टेकले तेव्हा प्याला दोन्ही हातांत धरायचा की नुसता ओठांशी टेकवायचा हेही कळेना. सांगायचं कारण एवढंच की हे फरक कागदावरचे नाहीत, ते गुडघ्यांत आणि हातांत मुरलेले असतात.

मग कार्टरांसारखा जन्माचा बाप्टिस्ट त्या कॅथेड्रलमध्ये का? कारण वॉशिंग्टनचं नॅशनल कॅथेड्रल एपिस्कोपल असूनही साऱ्या देशाच्या प्रार्थनेसाठी दार उघडं ठेवतं. १९६९ मध्ये प्रेस्बिटेरियन आयझेनहॉवर यांचा विधी तिथेच झाला, २००४ मध्ये रेगन यांचा. कार्टर यांच्या विधीत प्रवचन दिलं ते अँड्र्यू यंग यांनी. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे सहकारी युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टचे पाळक आहेत. हे चर्च १९५७ मध्ये एकत्र आलेल्या मंडळ्यांमधून तयार झालं आणि त्यातला एक मोठा प्रवाह काँग्रिगेशनल. म्हणजे ज्यांनी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये नगरला मिशनरी पाठवले, तीच मंडळी. यंग बोलायला उभे राहिले तेव्हा मला आमच्या नगरच्या जुन्या पाळकांची फार आठवण झाली. त्याच विधीत कॅथलिक बायडन बोलले आणि ज्यू असलेले स्टुअर्ट आयझेनस्टॅट बोलले. तो देशाचा निरोप होता. त्यांच्या स्वतःच्या मंडळीचा निरोप त्यांना मिळाला तो जॉर्जियातल्या प्लेन्स गावी, मारानाथा बाप्टिस्ट चर्चमध्ये. त्या चर्चमध्ये दान गोळा करायची जी लाकडी ताटं फिरतात ती कार्टरांनी स्वतःच्या सुतारशाळेत केलेली आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न : मनापासून की मतांसाठी? माणसाच्या मनात मला शिरता येत नाही. पण पुढाऱ्यांच्या धार्मिक वागण्याकडे बघताना मी एक कसोटी लावते. त्या वागण्याची किंमत त्याला त्याच्या स्वतःच्या लोकांमध्ये मोजावी लागली का? परक्यांपुढे हात जोडणं सोपं असतं. आपल्याच मंडळीत, जिथे आजोबांपासून सगळे ओळखतात, तिथे एकट्यानं हात वर करणं अवघड.

कार्टरांच्या बाबतीत ही वेळ १९६५ मध्ये आली. प्लेन्स बाप्टिस्ट चर्चपुढे ठराव आला की कृष्णवर्णीयांना उपासनेला येऊ द्यायचं नाही. जॉर्जियातल्या त्या काळात हे नवल नव्हतं. कार्टर ज्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचे, म्हणजे दक्षिणेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाचे, ते कन्व्हेन्शनच १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही या वादातून उत्तरेच्या बाप्टिस्टांपासून फुटलं होतं. कार्टर तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि त्याच चर्चमध्ये डीकन होते. ते उभे राहिले आणि ठरावाविरुद्ध बोलले. मत घेतलं तेव्हा त्यांच्या बाजूनं त्यांच्या घरची माणसं आणि आणखी एक जण, एवढेच हात वर झाले. ठराव मंजूर झाला. बाप्टिस्ट रीतच अशी की वरून एखादा बिशप येऊन हे मोडून काढू शकत नाही. मंडळीनं ठरवलं की ठरलं. ही त्या रीतीची ताकद आहे आणि तिचा घातही तिथेच आहे.

अकरा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९७६ ला, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन दिवसांवर आली असताना, क्लेनन किंग नावाचे कृष्णवर्णीय पाळक आपल्याला सभासद करून घ्या म्हणत त्या चर्चच्या दारी आले. डीकनांनी त्या रविवारची उपासनाच रद्द केली. बंद दाराचे फोटो जगभर गेले. कार्टरांना सगळीकडून विचारलं गेलं की तुम्ही अशा चर्चचा राजीनामा का देत नाही? निवडणुकीच्या तोंडावर दिला असता तर तो गाजला असता. त्यांनी दिला नाही. आत राहून लोकांची मनं बदलायचा प्रयत्न करीन, असं त्यांचं म्हणणं होतं. १४ नोव्हेंबरला त्याच मंडळीनं मतदान करून बंदी उठवली. पण वाद मिटला नाही. बंदीविरुद्ध उभ्या राहिलेल्या पाळकांना पुढच्या वर्षी जावं लागलं, मंडळी फुटली, आणि जे बाहेर पडले त्यांनी मारानाथा चर्च काढलं. १९८१ मध्ये गावी परतल्यावर कार्टर त्या मारानाथात दाखल झाले.

सांगण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी काय केलं नाही. निक्सन, जे जन्मानं क्वेकर होते, त्यांनी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये रविवारची उपासना सुरू केली होती. कार्टरांनी ती प्रथा ठेवली नाही. लोकांना आश्चर्य वाटलं, कारण प्रचारात 'नव्यानं जन्मलेला ख्रिस्ती' असं सांगणारा हाच माणूस. पण ज्याला बाप्टिस्टांचा इतिहास माहीत आहे त्याला यात काही विसंगत वाटणार नाही. अठराव्या शतकात व्हर्जिनियात सरकारी चर्चचा परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट पाळक तुरुंगात गेले आहेत. धर्म आणि सरकार यांच्यात भिंत असावी, हे जेफरसन यांचं गाजलेलं वाक्य १ जानेवारी १८०२ च्या ज्या पत्रात आहे, ते पत्र त्यांनी कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेलं होतं. त्या राज्यात सरकारी मान्यतेचं चर्च काँग्रिगेशनल होतं. म्हणजे ज्या मंडळीनं आमच्या नगरला शाळा दिल्या तिच्याच पूर्वजांच्या दडपणाची तक्रार हे बाप्टिस्ट करत होते. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते तसंच आहे. सरकारी घरात उपासना नको हे म्हणणं कार्टरांच्या धर्मातून आलेलं होतं. ते रविवारी नेहमीच्या चर्चमध्ये, वॉशिंग्टनच्या फर्स्ट बाप्टिस्टमध्ये, जात आणि मधूनमधून तिथल्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गात, शिकवत. राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे, सभासद म्हणून.

राजकारणात याचा त्यांना फायदा झाला असं म्हणता येणार नाही. १९७६ मध्ये त्यांना मत दिलेले कितीतरी इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे) ख्रिस्ती १९८० मध्ये रेगन यांच्याकडे गेले.

आणि शेवटी २०००. त्या वर्षी जूनमध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शननं आपल्या विश्वासाच्या निवेदनात घातलं की पाळकपद फक्त पुरुषांसाठी. त्याआधी १९९८ मध्येच पत्नीनं पतीच्या अधीन राहावं हे कलम आलं होतं. कार्टरांनी ऑक्टोबरमध्ये जाहीर पत्र लिहून कन्व्हेन्शनशी नातं तोडलं. ७६ वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांचं नातं. पण मारानाथा सोडलं नाही, डीकनपणही सोडलं नाही, शब्बाथशाळाही नाही. एपिस्कोपल किंवा कॅथलिक माणसाला हे असं करता येत नाही. त्याचं गावचं चर्च बिशपला आणि बिशप वरच्या चर्चला बांधलेला असतो. बाप्टिस्टाला येतं, कारण कन्व्हेन्शन ही मंडळ्यांनी आपखुशीनं जोडलेली साखळी आहे. रोझलिन कार्टर पुढे मारानाथात डीकन झाल्या. आणि ज्या कॅथेड्रलमध्ये कार्टरांचं शव नेलं, त्या धर्मप्रांताच्या बिशप एक स्त्री आहेत, मॅरिअन बडी. तुम्ही टीव्हीवर झगे पाहिलेत. मला त्या झग्यांत हेही दिसत होतं.

म्हणून, विक्रोळीच्या वाचकहो, माझं मत विचाराल तर कार्टर यांचं मनापासूनचं होतं. ते प्रत्येक वेळी बरोबर होते असं नाही. १९७६ मध्ये त्यांनी चर्च सोडायला हवं होतं असं मानणारी चांगली माणसं तेव्हाही होती आणि त्यांचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. क्लेनन किंग यांना त्या दारातून परत जावं लागलं, हे खरंच आहे.

प्रश्न : २०१८ मध्ये थोरल्या बुश यांच्या अंत्यविधीत सगळे माजी राष्ट्राध्यक्ष मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) म्हणत होते आणि ट्रम्प गप्प उभे होते. २०२० मध्ये मात्र ते चर्चपुढे पवित्र शास्त्र (बायबल) हातात उंच धरून उभे राहिले. आमच्या शब्बाथशाळेच्या गटात यावरून जोराचं भांडण झालं. त्यांचं चर्च कोणतं? त्यांनी अनादर केला का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आधी गप्प राहण्याबद्दल. ५ डिसेंबर २०१८ चा तो विधीही नॅशनल कॅथेड्रलमध्येच झाला आणि थोरले बुश स्वतः एपिस्कोपल होते. त्या रीतीत दफनविधीला प्रेषितांचा मतांगीकार सगळ्यांनी उभं राहून मोठ्यानं म्हणायचा असतो. शब्द हातातल्या कागदावर छापलेले असतात. आपल्याकडे लहानपणी पाठ करून घेतात तोच हा, आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करणाऱ्या देवपित्यापासून सुरू होणारा. आता बाप्टिस्टांना मतांगीकार म्हणायची सवय नसते. शास्त्र सोडून दुसरं कोणतंही ठरीव निवेदन विश्वासाची अट म्हणून त्यांना मान्य नाही. तिथे एखादा बाप्टिस्ट गप्प राहिला असता तर मी त्याला दोष दिला नसता. ट्रम्प मात्र प्रेस्बिटेरियन घरातले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जमैका भागातलं फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च हे त्यांच्या लहानपणचं चर्च, आणि प्रेस्बिटेरियन लोक मतांगीकार म्हणतात. तेव्हा पंथाचं कारण इथे लागू पडत नाही. पण एवढ्यावरून अनादर झाला असं मी म्हणणार नाही. दफनाच्या वेळी कितीतरी माणसांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मेलेल्या माणसासाठी आलेला माणूस उभा राहिला, मान दिला, पुरे. तुमच्या गटात कोणी एवढ्यावरून त्यांना बोल लावत असेल तर त्याला माझं नाव सांगून थांबवा.

२०२० ची गोष्ट वेगळी. व्हाइट हाउससमोरच्या चौकापलीकडे सेंट जॉन्स हे एपिस्कोपल चर्च आहे. १८१६ पासून उभं आहे, आणि राष्ट्राध्यक्ष तिथे उपासनेला येत आले म्हणून त्याला राष्ट्राध्यक्षांचं चर्च म्हणतात. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांत ३१ मेच्या रात्री त्या चर्चच्या आवारातल्या इमारतीच्या तळघरात आग लागली. दुसऱ्या दिवशी, १ जूनच्या संध्याकाळी, पोलिसांनी चौकातून निदर्शकांना हटवल्यावर थोड्याच वेळात ट्रम्प चालत तिथे आले, चर्चच्या फलकापुढे उभे राहिले आणि पवित्र शास्त्र उजव्या हातात धरून उंच केलं. हे तुमचं शास्त्र आहे का, असं बातमीदारानं विचारलं तेव्हा 'हे एक बायबल आहे', एवढंच उत्तर मिळालं. प्रार्थना झाली नाही, पुस्तक उघडलं गेलं नाही. बिशप बडी यांनी उघड नाराजी सांगितली. त्यांना कोणी आधी कळवलंही नव्हतं.

आता एकच हावभाव दोन तऱ्हेच्या प्रोटेस्टंटांना कसा दिसला ते बघा. एपिस्कोपल उपासनेतही शुभवर्तमानाचं पुस्तक उंच धरतात. डीकन ते दोन्ही हातांनी उचलून मंडळीच्या मधोमध आणतो, पुढे मेणबत्त्या असतात, लोक त्या बाजूला तोंड करून उभे राहतात. मग पुस्तक उघडतं आणि वाचन होतं. उचलणं हे वाचण्यासाठीच असतं. त्यामुळे त्या चर्चच्या माणसाला बंद पुस्तक उंच धरलेलं अपुरं वाटणारच. बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र इव्हँजेलिकल चर्चमध्ये मात्र काळ्या चामडी बांधणीचं शास्त्र एका हातात धरून प्रवचन करणारा पाळक हे रोजचं दृश्य आहे. आपल्याकडच्या उज्जीवन सभांतही तुम्ही ते पाहिलं असेल. त्या लोकांना फोटोत हिंमत दिसली, देवाच्या वचनाची बाजू घेणारा माणूस दिसला. ते लबाडीनं तसं म्हणत नव्हते. त्यांना खरोखर तसंच दिसलं. तुमच्या गटातली दोन्ही बाजूंची माणसं कोणत्या चर्चमधून आलेली आहेत हे एकदा विचारून पाहा, भांडणाचं मूळ बहुतेक तिथे सापडेल.

तरी मी मधल्यामध्ये सोडणार नाही. मला ते आवडलं नाही, आणि नावड पक्षावरून नाही. ते चर्च ज्यांचं आहे त्यांना न विचारता त्यांच्या दाराचा वापर झाला. त्या दुपारी काही एपिस्कोपल धर्मगुरू आणि स्वयंसेवक बाहेर उभे राहून निदर्शकांना पाणी आणि खाणं देत होते. त्यांना तिथून निघावं लागलं. वरची माझी कसोटी इथे लावली तर त्या फोटोची ट्रम्प यांना आपल्या लोकांत काही किंमत मोजावी लागली नाही. उलट टाळ्या मिळाल्या.

चर्च कोणतं, याचं उत्तरही त्याच वर्षी बदललं. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी सांगितलं की लहानपणी दृढीकरण प्रेस्बिटेरियन झालं तरी आता आपण स्वतःला कोणत्याही पंथाचे न मानणारे ख्रिस्ती समजतो. हा अमेरिकेत वाढत चाललेला प्रकार आहे. अशी चर्चेस बिशप, सिनॉड (वरिष्ठ धर्मसभा), कन्व्हेन्शन काहीच मानत नाहीत. उपासना बहुधा इव्हँजेलिकल वळणाची असते. यात गैर काही नाही, कित्येक प्रामाणिक माणसं तिथे आहेत. पण पुढारी जेव्हा तसं म्हणतो तेव्हा त्याला जाब विचारणारी मंडळी कोणती, हा प्रश्न उरतोच. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मंडळीनं निवडलेले वडील, म्हणजे कारभार पाहणारे जाणते सभासद, असतात, आणि पाळकालाही त्यांच्यासमोर बसावं लागतं. आयझेनहॉवर यांनी उलट केलं होतं. त्यांच्या घरची परंपरा लहान बाळांना बाप्तिस्मा न देणाऱ्यांची, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत त्यांचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. शपथ घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १ फेब्रुवारी १९५३ ला, त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये तो घेतला. त्यातही राजकारण होतं असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण माणूस एका मंडळीच्या वहीत नाव घालून तिच्या वडिलांपुढे उभा राहिला.

प्रश्न : आमचं घराणं नागपूरचं. आजी म्हणते आपण मूळचे स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. दाखल्यावर मात्र सी.एन.आय. लिहिलंय. माझं लग्न मुंबईच्या मेथडिस्ट मुलाशी ठरतंय. त्याच्या मावशी म्हणतात तुझा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागेल. खरं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अभिनंदन. आणि नाही, करावा लागणार नाही.

आजींचं बरोबर आहे. स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून नागपूरचं काम स्कॉटिश मिशनचं. पण २९ नोव्हेंबर १९७० ला तुमच्याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळी चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., उभं राहिलं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मिळून झालेलं जुनं युनायटेड चर्च, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. वर ज्या भांडणांबद्दल लिहिलं, बिशप हवा की नको, बाळाला बाप्तिस्मा की जाणत्याला, ती सगळी त्या टेबलावर होती आणि बोलणी चाळीस वर्षं चालली होती. शेवटी बिशप सगळ्यांनी स्वीकारला, मंडळीच्या पंचकमिट्या राहिल्या, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती चालतील असं ठरलं. अमेरिकेत ज्या मंडळ्या अजूनही वेगळ्या राहतात त्यांची लेकरं इथे एका छपराखाली बसतात, याचा मला फार अभिमान आहे.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र या ऐक्यात आले नाहीत. आजचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया ते हेच. तुमच्या होणाऱ्या सासरचं चर्च बहुधा हेच असेल. तेही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा दोन्ही चर्चेस एकमेकांचा मानतात. मावशींनी ऐकलेलं बाप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल मंडळ्यांबद्दल असावं. तिथे बाळपणी झालेला बाप्तिस्मा पुष्कळदा धरत नाहीत. कार्टरांच्याच घरात हे दोन पंथ होते. रोझलिन मेथडिस्ट. त्यांचं लग्न ७ जुलै १९४६ ला प्लेन्सच्या मेथडिस्ट चर्चमध्ये लागलं, पुढे त्या नवऱ्याच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये गेल्या. २०२३ मध्ये त्या वारल्या तेव्हा अटलांटाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये एक उपासना झाली आणि गावी मारानाथात दुसरी.

आता कामाचं. तुझा बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला नागपूरच्या चर्चमधून आत्ताच मागून घे, जुन्या वह्यांतून नाव शोधायला वेळ लागतो. लग्न ज्या चर्चमध्ये लागणार तिथल्या पाळकांना दोघांनी मिळून भेटा. लग्नाची सूचना लागोपाठच्या रविवारी दोन्ही मंडळ्यांत वाचायची असेल तर तारीख ठरवण्याआधी पाळकांकडून रविवार मोजून घ्या. आणि लग्नानंतर सभासदत्व कोणत्या चर्चमध्ये ठेवायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, मावशींनी नाही. तू सी.एन.आय.मध्येच राहिलीस तरी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायला तुला कोणी अडवणार नाही.